स्वयंपाकघराच्या कपाटांची दारे : आधी कड बघा, मग रंग

कापडाच्या दुकानात नवा पोरगा कामाला लागला की त्याला पहिला धडा एकच मिळतो. थान हातात आले की आधी उलटी बाजू बघ, मग काठ बघ, आणि दर्शनी बाजू सर्वांत शेवटी बघ. दर्शनी बाजूवर हवी तेवढी कांजी चढवता येते. ती कांजी पहिल्या धुण्यात निघून जाते आणि कापडाचे खरे रूप गिऱ्हाइकाच्या घरी उघडे पडते. त्या वेळी दुकानदार समोर नसतो, पण त्याचे नाव त्या घरात रोज निघते.

हा धडा मी लहानपणीच शिकलो. पण तो लाकडाच्या मालालाही तसाच लागू आहे, हे कळायला मला घरचे नुकसान सोसावे लागले. आपल्यापैकी कित्येकजण सुतारकाम, पॉलिश, रंगकाम, हार्डवेअर यांवर पोट भरतात. बाकीचे आयुष्यात एकदा-दोनदा घर बांधतात किंवा दुरुस्त करतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून स्वतःचा अनुभव आणि पुढे जाणकार मिस्त्री व दुकानदार यांच्याकडून जे समजून घेतले ते येथे मांडत आहे.

घरचा अनुभव

आमचे वांगणीचे घर नव्याने बांधले तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कपाटे करायची ठरली. शहरातल्या एका शोरूममध्ये आरशासारखी चकाकणारी तयार दारे पाहिली आणि मन तिथेच अडकले. आमच्या मिस्त्रींनी दाराची कड नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाले, "सेठ, आत भुसा आहे. आपल्याकडच्या पावसात हा टिकायचा नाही. मी प्लायची दारे करून देतो." मी हसून म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला तुमची मजुरी दिसते." हे वाक्य आज आठवले तरी लाज वाटते.

पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात बेसिनखालच्या दाराची खालची कड फुगली. वरचा चकचकीत पापुद्रा कोपऱ्यातून सुटला. मग बिजागरीचे स्क्रू भोकात फिरू लागले आणि एक दिवस दार घरातल्या माणसाच्या पायावर पडले. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, पाणी लागले, गॅरंटी संपली. स्वयंपाकघरात पाणी लागणार नाही तर कुठे लागणार? पण दोष केवळ त्याचा नव्हता. आयुष्यभर कापडाची उलटी बाजू बघणाऱ्या माणसाने दाराची कड बघितली नव्हती.

आपल्या मुलखाची हवा

जव्हार हे डोंगरमाथ्यावरचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. जव्हार-मोखाड्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, धुक्याने खोल्या भरतात, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. जी हवा कापड वाळू देत नाही, ती लाकडालाही कोरडे राहू देत नाही. मे महिन्यात तेच लाकूड आतला ओलावा सोडून आकसते. दरवर्षी हे फुगणे आणि आकसणे चालूच राहते. दार मोडते ते या ये-जा करण्याने.

आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणू, सातपाटी, तारापूर या किनाऱ्याच्या गावांत प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे हवेत मीठ असते, म्हणून बिजागऱ्या आणि स्क्रू आधी गंजतात. इकडे डोंगरावर लाकूड आणि डिंक आधी सुटतात. माल घेताना आपले गाव कोठे आहे हे लक्षात ठेवून घ्यावा. मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये दहा वर्षे टिकलेली वस्तू आपल्याकडे दहा वर्षे टिकेलच असे नाही.

जुन्या लोकांच्या घरांत कारवीच्या कुडाच्या भिंती आणि सागाचे वासे असत. चुलीचा धूर रोज त्या वाशांना लागे, त्यामुळे लाकूड कोरडे राही आणि किडा कमी लागे असा त्यांचा अनुभव होता. आता घरोघरी गॅस आला, सिमेंटच्या भिंती आल्या. धुराचा त्रास गेला हे चांगलेच झाले, पण धुराने होणारी राखणही गेली. आता ती राखण आपल्याला योग्य मालाने आणि योग्य लेपाने करावी लागते.

आतला माल कोणता?

दाराचे दोन भाग समजावे. एक आतला माल आणि दुसरा वरचा साज. गिऱ्हाईक साजाला भुलते, पण दाराचे आयुष्य आतल्या मालावर ठरते. बाजारात साधारण पुढील प्रकार मिळतात.

*पार्टिकल बोर्ड.* लाकडाच्या बारीक चिपा डिंकात कालवून दाबलेला हा बोर्ड. स्वस्त, सरळ आणि दिसायला सुबक. कड उघडी राहिली आणि पाणी लागले की तो पावासारखा फुगतो आणि पुन्हा मूळ रूपात येत नाही. स्क्रू एकदा ढिला झाला की दुसऱ्यांदा पकड मिळत नाही. कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाला ठीक, आपल्याकडच्या ओट्याखाली नको.

*एमडीएफ.* लाकडाचा अगदी बारीक तंतू करून दाबलेला बोर्ड. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने रंगकामाला आणि नक्षी कोरायला उत्तम. साधा एमडीएफ पाण्यापुढे टिकत नाही. ओलावा सहन करणारा, जास्त घनतेचा प्रकार 'एचडीएचएमआर' या नावाने मिळतो. तो साध्यापेक्षा बराच बरा, पण 'ओलावा सहन करणारा' आणि 'पाण्यात राहणारा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नये.

*प्लायवुड.* लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून प्लाय बनतो. लाकूड धाग्याच्या लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. एका थराचा धागा उभा आणि पुढच्याचा आडवा ठेवला की दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवतात. कापडवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हा लाकडाचा ताणा-बाणाच आहे. म्हणूनच स्वयंपाकघराच्या दारासाठी चांगला प्लाय हा आजही सर्वांत भरवशाचा माल आहे.

*ब्लॉकबोर्ड.* मध्ये लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना पापुद्रे. उंच दारांना हा बरा, कारण वजनाला हलका असून लवकर वाकत नाही. ओट्याखालच्या ओल्या जागेत मात्र प्लायच घ्यावा.

*पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी बोर्ड.* हे पाणी पीत नाहीत, यांना वाळवी लागत नाही. बेसिनखालच्या दारासाठी उपयोगी. पण उष्णतेने नरम पडतात, मोठे दार वाकते आणि हलक्या प्रतीच्या बोर्डात स्क्रू नीट बसत नाही. शेगडीच्या शेजारी लावू नयेत.

*अॅल्युमिनियम चौकटीची दारे.* पाण्याचा आणि वाळवीचा प्रश्नच नाही. कोपऱ्यांचे सांधे आणि पट्टीची जाडी तपासून घ्यावी. पातळ पट्टीचे दार थोड्याच दिवसांत खुळखुळते.

*सागवान.* आपल्या मुलखाचे खरे धन. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे पाणी आणि वाळवी यांना तो चांगला तोंड देतो. पण हा गुण गाभ्याच्या पिवळसर-तपकिरी लाकडाचा आहे. सालीजवळचे पांढरट लाकूड किडा आवडीने खातो. 'सागवान' म्हणून विकलेल्या फळीत पांढरा भाग किती आहे हे पाहूनच भाव करावा. लाकूड वाळलेले हवे. ओल्या सागाचे दार सुरेख दिसते आणि मे महिन्यात त्याचे सांधे उघडतात. चौकट करून मध्ये फळी बसवायची असेल तर ती फळी खाचेत मोकळी ठेवावी, डिंकाने जाम करू नये. तिला फुगायला-आकसायला जागा मिळाली नाही तर ती चिरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. आपल्या भागात कधीकधी कागदपत्रांविना साग अर्ध्या भावात मिळतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली साग तोडायला परवानगी लागते, मग तो स्वतःच्या मालकीच्या शेतातला असला तरी. वाहतुकीचा पास आणि वनखात्याचा हातोडा छाप नसलेले लाकूड घरात आले की घेणारा आणि काम करणारा कारागीर दोघेही अडकतात. त्यात माल जातो, अवजारे जातात, धंद्याची इज्जत जाते. पाडलेल्या जुन्या घराचे सागवान मिळाले तर उत्तम, ते चांगले वाळलेले असते. पण त्याचीही पावती घ्यावी, आणि करवत लावण्यापूर्वी जुने खिळे शोधून काढावेत.

प्लायची पारख

जुने मिस्त्री म्हणतात की पूर्वीचा प्लाय राहिला नाही. यामागे कारण आहे. पूर्वी आसाम आणि ईशान्येकडच्या जंगलांतील जाड ओंडक्यांपासून प्लाय बनत असे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर आणि लाकूड गिरण्यांवर कडक बंधने घातली. त्यानंतर या धंद्याचे केंद्र हरियाणातील यमुनानगरसारख्या ठिकाणी सरकले आणि शेतात लावलेल्या पॉपलर व निलगिरीच्या लाकडापासून प्लाय बनू लागला. हा प्लाय वाईट असतोच असे नाही. पण लाकूड मऊ आहे की कठीण, पापुद्रे वाळवलेले होते की ओले, डिंक कोणता, यांवर एकाच जाडीच्या दोन शीटांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून नावावर न जाता माल पारखावा लागतो.

दुकानात तीन नावे ऐकू येतात. 'एमआर' म्हणजे ओलाव्यापुरता, साध्या भाषेत कमर्शियल प्लाय. 'बीडब्ल्यूआर' म्हणजे उकळत्या पाण्यात काही काळ तग धरणारा. 'बीडब्ल्यूपी' किंवा मरीन, ज्याच्या मानकाचा क्रमांक आयएस ७१० आहे. आयएस ७१० च्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. बीडब्ल्यूआरसाठी हीच कसोटी ८ तासांची, आणि एमआरसाठी केवळ ६० अंश गरम पाण्यात ३ तासांची. आता आपणच ठरवावे की चार महिने धुक्यात राहणाऱ्या दाराला कोणता माल हवा. माझ्या मते ओट्याखालच्या दारांना आयएस ७१० आणि वरच्या कपाटांना निदान बीडब्ल्यूआर.

दुकानात उभे राहून करता येण्यासारख्या काही कसोट्या अशा :

१. शीटवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. मोबाइलवरील 'बीआयएस केअर' या सरकारी अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या मालाचा आहे ते कळते. नुसता शिक्का पाहून भुलू नये.

२. कड बघावी. थरांमध्ये पोकळ्या, एकावर एक चढलेले पापुद्रे, तुकडे जोडलेला गाभा दिसला तर शीट बाजूला ठेवावी. कडेला रंग किंवा लांबी फासलेली असेल तर दुकानदाराला कोपरा कापून दाखवायला सांगावे.

३. शीट आडवी ठेवून बोटांच्या गाठींनी सगळीकडे ठोकावे. आवाज मध्येच पोकळ आला तर आत जागा रिकामी आहे.

४. पाणी सोसणाऱ्या प्लायमधील फिनॉलचा डिंक गडद तपकिरी दिसतो, साध्या प्लायमधील युरियाचा डिंक फिका असतो. पण हल्ली डिंकात आणि वरच्या पापुद्र्यावर लाल रंग मिसळून साधा माल उंची म्हणून खपवतात. येथे आमच्या धंद्यातली युक्ती कामाला येते. कापडाचा रंग पक्का आहे का हे आम्ही पांढरा ओला कपडा घासून बघतो. तसाच ओला पांढरा कपडा प्लायवर जोराने घासावा. कपडा लाल झाला तर तो रंग लाकडाचा नव्हे.

५. शंका राहिली तर तुकडा घरी आणून उकळावा. सकाळी आठला भांड्यात टाकून दुपारी चारला काढला की ८ तास होतात. पाणी आटेल तसे घालत राहावे. भांडे जुने, खाण्याच्या वापरातून काढलेले असावे आणि चूल घराबाहेर मांडावी. थर सुटले तर त्या मालाचा निकाल लागला. एक दिवस मोडला तरी पंधरा-वीस वर्षांचा घोर मिटतो.

माल घरी आणतानाही काळजी हवी. घाटातून उघड्या टेम्पोत भिजत आलेली शीट कितीही चांगली असली तरी त्रास देते. ताडपत्री घालून आणावी, आणि घरी भिंतीला तिरकी टेकवून न ठेवता सपाट आडवी ठेवावी.

वरचा साज

*लॅमिनेट.* आपण ज्याला सनमायका म्हणतो ते खरे म्हणजे एका कंपनीच्या मालाचे नाव. वस्तूचे नाव लॅमिनेट. जाड कागदाचे थर डिंकात भिजवून, वर छापील कागद ठेवून, उष्णता आणि दाब देऊन हे पत्रे बनतात. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत दोन इंजिनियरांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी असा माल बनवला. अभ्रक म्हणजे मायका, त्यावरून 'फॉर्मायका' हे नाव पडले. विजेच्या कामासाठी बनलेली ही वस्तू पुढे जगभरच्या स्वयंपाकघरांत गेली, कारण ती पाणी, तेल, ऊब आणि घासणे सर्व सोसते. खर्च आणि टिकाऊपणा यांचा मेळ पाहता आपल्याकडच्या दारांसाठी १ मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट पहिल्या पसंतीचे. पांढऱ्या, खरखरीत पृष्ठभागावर हळदीचे डाग बसतात आणि काळ्या चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात. मधला रंग आणि हलकी पोत घेतली की घरातल्या बायकांचे श्रम वाचतात. नमुना निवडताना त्यांनाच पुढे करावे. दार रोज त्यांनाच पुसायचे आहे.

*अॅक्रिलिक.* आरशासारखी चमक. ओरखडे लवकर दिसतात. घरात लहान मुले असतील तर विचार करून घ्यावे.

*मेम्ब्रेन.* एमडीएफवर नक्षी कोरून त्यावर गरम करून बसवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. शेगडीच्या उष्णतेने तो कडेला सुटू लागतो. आमच्या घरचा अनुभव वर आलाच आहे.

*पॉलिश.* सागवान किंवा व्हिनियर असेल तर लाखेचे फ्रेंच पॉलिश दिसायला सुरेख, पण गरम भांडे किंवा पाणी लागले की पांढरा डाग पडतो. स्वयंपाकघरात ते नको. मेलामाइन त्यापेक्षा कणखर. दोन डब्यांचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचे पीयू सर्वांत टिकाऊ, पण महाग आणि सरावाच्या हाताचे काम.

*ऑइलपेंट.* गरिबाच्या घरचा हा साज कमी लेखू नये. चांगल्या प्लायला प्राइमर, लांबी आणि इनॅमलचे दोन-तीन हात नीट दिले, कडा आणि पाठही रंगवली, तर दार वर्षानुवर्षे टिकते. गावातला रंगारी चार-पाच वर्षांनी पुन्हा हात मारून ते नवे करू शकतो. महागडा साज बिघडला तर दुरुस्तीला शहरातून माणूस आणावा लागतो.

कोणतेही पॉलिश किंवा लॅकर भर पावसाळ्यात मारू नये. हवेतला ओलावा लेपात अडकतो आणि पृष्ठभाग दुधासारखा पांढरट होतो. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते मे या काळातच काढावे. गिऱ्हाईक घाई करते म्हणून ऑगस्टमध्ये पॉलिश मारणारा कारागीर ऑक्टोबरमध्ये तेच काम फुकट पुन्हा करतो.

कड, पाठ आणि बिजागरी

माल चांगला घेतला तरी तीन ठिकाणी कसूर झाली तर सगळे वाया जाते.

पहिली कड. पाणी दर्शनी बाजूतून आत शिरत नाही, कडेतून शिरते. सागाची पट्टी डिंकाने बसवून पॉलिश करावी, किंवा पीव्हीसीची कडपट्टी मशिनने लावावी. सर्वांत दुर्लक्षित कड खालची, कारण ती कोणाला दिसत नाही. फरशी पुसतानाचे पाणी तिथेच लागते. कापडाचा काठ उसवला की थान उसवत जाते, तसेच हे आहे.

दुसरी पाठ. पुढे लॅमिनेट लावले आणि मागची बाजू उघडी ठेवली किंवा नुसता रंग मारला, तर दोन्ही बाजू ओलावा सारख्या प्रमाणात घेत नाहीत आणि दार धनुष्यासारखे वाकते. शेरवानीचे अस्तर आकसले की पुढची बाजू कशी ओढली जाते, तो प्रकार. म्हणून मागेही ०.८ मिलिमीटरच्या आसपासचे लॅमिनेट हवेच. चिकटवायला साधा पांढरा डिंक न वापरता पाणी सोसणाऱ्या प्रतीचा घ्यावा, दाब सगळीकडे सारखा द्यावा आणि डिंक पुरता सुकेपर्यंत दाब काढू नये.

तिसरी बिजागरी. हल्लीच्या कपाट-बिजागरीला दारात ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडतात. त्या वाटीची खोली साधारण ११-१२ मिलिमीटर असते. म्हणजे १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ती बसूच शकत नाही. दारासाठी पाऊण इंची, म्हणजे १८-१९ मिलिमीटरचा माल घ्यावा. ओट्याखालच्या दाराला दोन बिजागऱ्या पुरतात, तीन फुटांच्या वर गेले की तीन लावाव्यात. बेसिनजवळ आणि किनाऱ्याच्या गावांत ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. २०२ प्रतीचे स्टील दिसायला तसेच असते पण लवकर गंजते, आणि चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून पावतीवर प्रत लिहून घ्यावी.

कडप्पा आणि सिलिंडर

आपल्या महाराष्ट्रात ओट्याखाली कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या उभ्या फळ्या लावून खण करण्याची जुनी रीत आहे. ती सोडू नये. खण दगडाचे आणि फक्त दारे लाकडाची, असे केले की पाण्याने बिघडणारा भाग थोडाच उरतो आणि एखादे दार खराब झाले तर तेवढेच बदलता येते. आमच्या घरी दुसऱ्यांदा केले ते असेच.

सिलिंडर ज्या खणात ठेवायचा त्याच्या दाराला खालच्या बाजूस जाळी किंवा झरोके ठेवावेतच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो. घट्ट बंद दार दिसायला देखणे असले तरी येथे ते जिवावर बेतू शकते.

खर्चाचा हिशोब

लोक म्हणतात, मरीन प्लाय परवडत नाही. हिशोब करून बघू. दहा फुटी ओटा, दाराची उंची सव्वादोन फूट. एकूण क्षेत्रफळ साडेबावीस चौरस फूट. प्लायची शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. पावणेसोळा इंच रुंदीची नऊ दारे एका शीटमधून निघतात आणि दहा फुटी ओट्याला आठ पुरतात. म्हणजे ओट्याखालची सगळी दारे एका शीटमध्ये होतात. हलका आणि उत्तम माल यांतला फरक घरभराचा नाही, फक्त एका शीटचा आहे. मजुरी, लॅमिनेट, बिजागऱ्या दोन्हींत त्याच लागतात. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, ही म्हण आपण गिऱ्हाइकाला रोज ऐकवतो. स्वतः खरेदीला गेलो की विसरतो.

कारागीर बांधवांसाठी

कापडाचा जुना व्यापारी मोठ्या सौद्यात कापडाचा तुकडा बिलाला टाचून देत असे. माल आला की तुकड्याशी ताडून बघायचा, वादच नाही. सुतार बांधवांनी हीच रीत धरावी. काम संपल्यावर दाराच्या प्लायचा, शिक्का असलेला एक तुकडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि बिलावर प्लायची प्रत, मानकाचा क्रमांक, लॅमिनेटची जाडी व बिजागरीची प्रत लिहावी. पाच वर्षांनी तक्रार आली तर हा तुकडा साक्ष देईल. गिऱ्हाईक स्वस्त मालाचा हट्ट धरत असेल तर तेही बिलावर लिहावे. आमच्या मिस्त्रींनी मला तसे लिहून दिले असते तर कदाचित मी भानावर आलो असतो.

दुसरी गोष्ट आपल्या जिवाची. लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. पीयूच्या हार्डनरची वाफ दमा लावते. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. करवत आणि पॉलिशपेपर चालवताना धुळीचा चांगला मास्क वापरावा, फवारणीला वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क घ्यावा आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दाराचे आयुष्य वाढवताना कारागिराचे आयुष्य घटू नये.

घरातल्यांनी काळजी इतकीच घ्यावी : ओल्या मऊ कपड्याने पुसून लगेच कोरड्याने पुसावे, तारेची घासणी आणि अॅसिड लावू नये, बेसिनची गळती दिसताच नळवाल्याला बोलवावे, आणि पावसाळ्यात दुपारी दोन तास दारे उघडी ठेवावीत.

आमच्या वांगणीच्या घरी दुसरी दारे त्याच मिस्त्रींनी केली. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी काही उत्तर दिले नाही, दार उलटे करून खालची कड माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "सेठ, आधी ही बघून घ्या." त्यानंतर कित्येक पावसाळे गेले. दारे अजून सरळ आहेत.